पाचवा फाऊल

भास्कर गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. आमच्या जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला, खाली हात जोडलेली चिन्हं सुरू झाली, आणि मी मेहरूण तलावाकाठी फिरता फिरता तिथेच उभा राहिलो. दुःख नंतर झालं, खोटं कशाला बोलू! आधी मनात आलं ते एवढंच... गेला, आणि आपलं विचारायचं राहिलं. आज दीड महिना झाला. रोज फिरायला निघतो आणि अर्ध्यातून परत येतो, पेपर उघडतो आणि न वाचता घडी घालतो. बायको म्हणते, "अहो, एका जागी बसा ना, तुमच्याकडे बघून मलाच गरगरतं."

आम्ही दोघं दीपनगरच्या वीज कॉलनीच्या बास्केटबॉल संघात होतो. कामावर रोजंदारीत, पण खरं काम खेळायचं. सकाळी स्टोअरमध्ये सह्या ठोकायच्या, दुपारपासून सिमेंटच्या मैदानावर. तीन गुणांची रेषा तेव्हा आमच्या मैदानावर आलेलीसुद्धा नव्हती. मी उंच, नेम बरा. भास्कर पारोळ्याचा, बुटका, पण अंगात भिंगरी. खेळता खेळता अहिराणीत शिव्या घालायचा, त्या समोरच्या संघालाही आवडायच्या. एका खोलीत राहायचो, एकाच डब्यातली कळण्याची भाकरी खायचो. त्या वर्षी साहेबांनी सांगून टाकलं, दोघांपैकी एकालाच कायम करता येईल, धुळ्याची फायनल झाली की ठरवू. त्या रात्री भास्कर मला म्हणाला, "आते तू मन्हा दुश्मन शे," आणि माझ्याच ताटातली मिरची उचलून खाल्ली.

फायनल धुळ्याच्याच संघाशी होती. शेवटचं मिनिट, अठ्ठावन्न-अठ्ठावन्न. माझे चार फाऊल, भास्करचेही चार. पाचवा झाला की खेळाडू बाहेर, हे सगळ्यांना ठाऊक असतं. धुळ्याचा एक लंबू बास्केटखाली घुसला, आम्ही दोघांनी एकदमच उडी मारली, आणि माझा हात त्याच्या मनगटावर बसला. चांगला सणसणीत बसला, आवाज झाला. शिट्टी वाजली. पंच मागच्या बाजूला होते, त्यांना फक्त आमच्या पाठी दिसल्या असणार. आमच्या वेळी रिवाज असा, की ज्याने फाऊल केला त्याने स्वतः हात वर करायचा. पंच वळून आमच्याकडे बघत होते. माझा हात वर जाईना. शप्पथ सांगतो, मी ठरवून खाली ठेवला नव्हता... पण वर केला नाही हेही तितकंच खरं. तेवढ्यात शेजारी भास्करचा हात वर गेला, सरळ, कोपर न वाकवता. टेबलावर स्कोअर लिहायला बसलेल्या सलीमचाचांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या नावापुढची पाचवी चौकट भरली. भास्कर टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर जाऊन बसला. लंबूने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला, आणि शेवटी शेवटी माझा बॉल रिंगवर नाचून आत पडला. साठ-एकोणसाठ. मला खांद्यावर घेणाऱ्यांत भास्करच पुढे होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्कोअरशीट समोर ठेवलं. माझ्यापुढे एकवीस गुण. त्याच्यापुढे नऊ गुण आणि पाच फाऊल. झालं! मी कायम झालो. भास्कर पारोळ्याला गेला, किल्ल्याजवळ विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि पुन्हा मैदानावर उतरला नाही. त्या शीटची कार्बन प्रत मी मागून घेतली होती, लोकांना एकवीस दाखवायला. पण उघडली की नजर खालच्याच ओळीवर जायची. त्याला खरंच वाटलं होतं का आपलाच हात लागला म्हणून? की जाणूनबुजून केलं, माझ्या नोकरीसाठी? दर वर्षी पारोळ्याला जायचो, शीट खिशात असायचं, आणि बोलायचो काय, तर कापसाचं आणि गुडघ्यांचं. या पावसाळ्याआधी गेलो तेव्हा तो खाटेवर होता, आवाज बसलेला. माझ्या खिशाकडे बघत म्हणाला, "बोल ना." मी म्हटलं, "काही नाही रे, सहज आलो." अरे, काय जात होतं विचारायला!

दहावं-तेरावं आटोपल्यावर पुन्हा गेलो. वहिनी एकट्याच होत्या. शीट त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोलत सुटलो, मध्ये थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माले ठाऊक शे भाऊ. लग्न झालं त्याच वर्षी सांगितलं त्यांनी."

"मग... माझ्या नोकरीसाठी केलं का त्याने?"

वहिनींना हसू आलं. "नोकरी? ती तर त्यांना दुसऱ्या दिवशी आठवली! मग चार दिवस जेवले नाहीत. ते म्हणायचे, दोघांपैकी एक बाहेर जाणार होता, आणि बास्केट त्याचीच बसायची, माझी नाही. जिंकायचं होतं, दुसरं काय!"

इतकी वर्षं मी स्वतःला त्याच्या त्यागाचं कारण समजत होतो. त्याच्या डोक्यात मी नव्हतोच, मॅच होती. हलकं वाटायला हवं होतं, पण छे. "रागावला होता का माझ्यावर?" मी विचारलं.

"फाऊलचा नाही. म्हणायचे, फाऊल बठ्ठासना हातून व्हस, सगळ्यांच्याच. पण त्यानं हात वर केला नाही..." त्यांनी शीट माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही येऊन गेलात की दर वेळी म्हणायचे, आज बी नाही इचारं. पुढल्या खेपेला इचारी."

त्याची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. खुंटीवर त्याचा टॉवेल तसाच होता, दुकानातल्या काळ्या डागांचा. मी त्या टॉवेलकडे बघत उठलो आणि त्या खोलीत, सरळ उभं राहून, उजवा हात वर केला. खांदा दुखतो हल्ली, कोपर वाकत होतं, मी ताठ केलं. किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. शिट्टी मारायला कुणी नव्हतं.

वहिनींनी चहाचा कप पुढे सरकवला. "खाले ल्या आते हात, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यासनी लिखी लिधं व्हई, तुमना पाचवा."