गिझरचा करार

या थंडीत आमचा गिझर तिसऱ्यांदा बंद पडला. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "ताई, देखभालीचा करारच करून टाका. एक वर्षाचा की दोन?"

मी फॉर्म हातात घेऊन उभी राहिले. बंद पडलेलं पुन्हा चालू करून देऊ, असं कुणीतरी लेखी देतं, याचंच मला नवल वाटलं. आमच्या यांच्याबद्दल डॉक्टरांनी परवाच सांगितलं होतं, फार तर उन्हाळ्यापर्यंत. मी ते घरात बोलले नव्हते.

अंथरुणावरून हे म्हणाले, "अगं, दोन वर्षं कशाला? तू तर गार पाण्यानेच अंघोळ करतेस."

म्हणजे यांना ठाऊक होतं. मी दोन वर्षांपुढे खूण केली. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.