पत्रिका जुळत नाही

लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. लग्नसराईत गर्दी वाढली की त्यांचा सर्व्हर मान टाकायचा. नवा सर्व्हर किती गर्दी पेलतो हे बघायला आम्ही खऱ्या लोकांनी मागे साइटवर जे जे केलं त्याचं रेकॉर्डिंग घेतो आणि तेच दुप्पट वेगाने पुन्हा चालवतो. माणसं कशी वागतील हे आपल्या मनाने रचता येत नाही, असं मी ऑफिसात नव्याने येणाऱ्यांना ऐटीत सांगायचे.

या साइटवर नकाराचं बटणच नव्हतं. स्थळाला तोंडावर 'नाही' कोण म्हणतं आपल्याकडे? बटणावर लिहिलं होतं, 'पत्रिका जुळत नाही'. ते दाबलं की समोरच्या घरी मेसेज जायचा.

त्या दुपारी आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात चाचणी मजेत चालली होती आणि नेरूळच्या घरून आईचा फोन आला.

"अगं, उलव्याच्या लोकांना हिचा नकार गेलाय म्हणे. रविवारी साखरपुडा, आणि ही म्हणते, मी काही पाठवलंच नाही."

ही म्हणजे माझी धाकटी बहीण. उलव्याचं हे स्थळ तिने आधी याच साइटवर नाकारलं होतं. मग आत्याने तेच पुन्हा आणलं, बघणं झालं, सुपारी फुटली. तो जुना नकार आमच्या रेकॉर्डिंगमध्ये होता. चाचणीत मेसेज बाहेर जाणं बंद ठेवतात, ते कुणीतरी चालूच ठेवलं होतं.

चाचणी थांबवायला सांगून मी मुलाच्या आईला फोन लावला.

"काकू, तो मेसेज तिने नाही पाठवला. आमच्या कामात जुनाच पुन्हा गेला. उगाच टेन्शन दिलं तुम्हाला."



"टेन्शन कसलं गं. तुम्हाला कसं सांगावं याच विचारात होतो आम्ही. आता निरोप आलाच आहे, तर तसाच राहू दे."

मी फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरून सहकारी अंगठा उंचावत होता, सर्व्हर टिकला म्हणून. त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

घरी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. आई रडायला लागली. बहीण साखरपुड्याच्या साडीची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होती.

"म्हणजे पहिल्यांदा मी बरोबरच दाबलं होतं," ती म्हणाली.