रुसलेला तेरा

आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आईची शिकवण मी एकदा इतकी मनावर घेतली, की मैत्रिणीने पाठवलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या डब्यात माझी गणिताची वही घालून दिली. घरात साखर होती, शेंगदाणे होते. पण नाही! नुकत्याच रिटायर झालेल्या बाईसाहेबांना शोध लागला होता ना.

मैत्रीण म्हणजे धुळ्याच्या शाळेत सत्तावीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. तीही गणिताचीच. रिटायर झाल्यावर जळगावला लेकाकडे गेली. डबा द्यायला मी मुद्दाम एसटीने गेले.

शोध असा. कोणताही आकडा फक्त एक आणि शून्यात लिहायचा. उजवीकडून पहिलं घर एकाचं, मग दोनाचं, चाराचं, आठाचं. घर लागलं तर एक, नाही तर शून्य. सहा म्हणजे ११०. उलटं वाचलं की ०११, म्हणजे तीन. अशी मी ओळीने आकडे उलटवत सुटले. एक, एक, तीन, एक, पाच, तीन, सात... दूध उतू गेलं तरी मी आपली उलटवतेय.

आठ ते पंधरा उलटवले की पंधरापर्यंतचा प्रत्येक विषम आकडा एकेकदा हजेरी लावतो. माझ्या वहीत मात्र अकरा दोनदा, आणि तेरा गैरहजर. शहाणीने पुन्हा तपासलं असतं. मी पानभर लिहिलं, ‘तेरा रुसला आहे, यात काहीतरी गूढ आहे.’ अहो, अकरा म्हणजे १०११, उलटा केला की ११०१, तेराच! मी तो दोन्हीकडून सारखाच समजले. जन्मभर पोरींच्या वह्यांवर लाल रेघा ओढणारी मी!

दोन दिवसांनी, सगळी वही वाचून, तिचा फोन आला. आम्ही खुशीत असलो की अहिराणीत बोलायचो. "बठ्ठं वाचं मी. तू ते येडी शे येडी! पण तेराचं भारी शे."

"शिक्षकांच्या त्रैमासिकाला पाठवू का गं?"

"थांब. मी नीट उतरवून देते. तुझं अक्षर म्हणजे कुत्र्यामांजराचे पाय."

मी इकडे मनात नाव छापूनही घेतलं. आडनाव आधी की नंतर, ‘सेवानिवृत्त’ लिहावं की नको, यात आठवडा गेला.

अंक आला. ‘रुसलेला तेरा’. वाक्यं माझी, स्वल्पविरामसुद्धा माझे. खाली नाव तिचं. निदान आभारात तरी असेन म्हणून जाहिरातींसकट सगळा अंक पालथा घातला. आभार सुनेचे मानले होते.

मी फोन केला नाही. वाटलं, ती करेल. तीन महिने वाटत राहिलं.

पुढच्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं: तेरा कुठेही रुसलेला नाही, लेखिकेला अकरा उलटवता आला नाही. वाचून मी खदाखदा हसले. चूक माझी होती, एवढं तरी माझं होतं.

त्याच संध्याकाळी तिचा फोन. अहिराणीचा एक शब्द नाही, एकदम स्नेहसंमेलनातलं मराठी. मी सरळ विचारलं, "माझं नाव का नाही घातलंस?"

ती म्हणाली, "अगं, त्यासाठीच तर फोन केला. संपादकांना मी सगळं कळवलंय. पुढच्या अंकात तुझं पूर्ण नाव छापतायत, चूक मुळात तुझ्या वहीतली होती म्हणून."