लाल बादलीतली चादर

चादर लाल बादलीत भिजत होती. निळ्या चौकड्यांची, एका कोपऱ्याला शिवण उसवलेली. दहा मिनिटांपूर्वी मी त्याच चादरीवर बसून रडले होते.

लेकीची पाण्याची बाटली वैशालीताईच्या घरी राहिली म्हणून आमी दोघी अर्ध्या गल्लीतून परत फिरलो होतो. पुढचं दार लावलेलं, म्हणून मागच्या अंगणातून गेलो. मोरीपाशी वैशालीताई वाकून चादर बुचकळत होती. आतून तिच्या सासूबाईंचा आवाज आला, "गोमूत्र टाकलं का त्यात?"

"टाकलं, आई."

मग तिनं मान वर केली. समोर मी, अन् माझा हात धरून माझी आठ वर्षांची प्रज्ञा.

"अगं, चहा सांडला होता," ती म्हणली.

त्या दिवशी चहा झालाच न्हवता. ऊन लई होतं, सगळ्यांनी लिंबाचं सरबत घेतलं होतं. मी कट्ट्यावरची बाटली उचलली अन् निघाले. अन् लाज कुणाला वाटत होती म्हणता? धुणारीला न्हाई. मला!

सेनगावात एका खाजगी शाळेत मी तासिकेवर शिकवते. आमी बौद्ध. माहेर जवळच्याच खेड्यात, वस्ती गावाच्या पार कडेला. शाळेत मला लावलं ते वैशालीताईनं. ती तिथली जुनी बाई, बागायतदार घरची सून. पहिल्याच दिवशी म्हणली, "मॅडम-बिडम म्हणू नको, ताई म्हण." मी म्हणलं. पुऱ्या मनानं म्हणलं. माझ्या लेकीला ताप आला तर गोळ्या घेऊन येणारी बाई ही. हे मी लपवणार न्हाई, खोटं कशाला बोलू?

तिच्या घरी मोठा टीव्ही आला अन् रविवारी दुपारी आमचं बसणं सुरू झालं. ताई, तिच्या सासूबाई, शेजारच्या मीनाताई, मी अन् प्रज्ञा. अमेरिकेतली भुताची मालिका, हिंदीत बोलणारी. एक काळी नर्स गोऱ्या लोकांच्या गावात नोकरीला येते. दिवसभर त्यांचे आजारी सांभाळते. ती घरातून बाहेर पडली की मागं लोक तिनं हात लावलेलं सगळं घासून काढतात. खाट, कप, दाराची कडी. अन् ते घासलेलं पाणी नालीत जाऊन साचतं, त्यातून काहीतरी उभं राहतं. काळं, ओलं, तोंड नसलेलं. मग ते एकेकाच्या दाराशी येतं.

भूत आलं की मीनाताई उशी तोंडावर घ्यायच्या अन् उशीच्या आडूनच विचारायच्या, "गेलं का गं? गेलं का?" सासूबाई पाय लांब करून दिवाणावर. हिंदी अर्धं कळायचं, पण जीभ टाळूला लावून च्च च्च करायच्या. "बाई बाई, किती राक्षस लोकं! देवानं कातडं काळं दिलं, त्यात त्या लेकराचा काय गुन्हा?" अन् ताई रडायची. खरं रडायची. पदर भिजायचा तिचा. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणली, "माणसं इतकी कशी गं नीच असतात?" तो हात तिनं मागाहून धुतला असंल का, ह्याचा मी अजून विचार करून राहिले.

आमी मायलेकी खाली बसायचो. पहिल्या रविवारीच ताईनं दाराआडच्या खुंटीवरची ही चादर काढून अंथरली होती. "सासूबाईंचे पाय दुखतात, त्यांना दिवाण लागतो. तुमी दोघी इथं ऐसपैस बसा. ही तुमची जागा." मीनाताईला खुर्ची. दुसऱ्या रविवारपासून प्रज्ञा स्वतःच खुंटीवरची चादर काढायची, अंथरायची, मला हाक मारायची. मला किती कौतुक! परक्या घरात लेकरू किती मोकळं वागतं म्हणून. जागा ठरलेली असणं म्हणजे माया, असं मला वाटलं. शिकलेली बाई मी, अन् मला असं वाटलं.

गावाकडं गेले तवा आईला सांगितलं, "ताईच्या घरी माझी जागा ठरलेली हाय."

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "खाली का वर?"

मी चिडले. "आई, तुमचा जमाना गेला आता."

तिनं भाकरी उलटली.

तर, बादलीच्या दिवशी घरी आलो. मी भांडी घासायला घेतली, घासलेलीच परत घासली. प्रज्ञा बाटलीतलं पाणी पीत म्हणली, "आई, आपली चादर दर वेळी धुतात. निघायच्या वेळी मी हात धुवायला मागं जाते तवा पाहिलंय. लाल बादली आपल्याच चादरीची हाय." सांगताना तिच्या तोंडावर हसू होतं. तिला वाटलं, आपली बडदास्त ठेवतात.

संध्याकाळी ताईनं मोबाइलवर स्टेटस टाकलं. त्या काळ्या नर्सचा फोटो, खाली लिहिलेलं, "आजचा भाग बघून मन सुन्न झालं. आपण माणूस कधी होणार?" खाली रडके चेहरे. मीनाताईनं हात जोडले होते. मी बी बघितलं, हे तिला दिसलं असणार. पण ते स्टेटस तिनं काढलं न्हाई. तिला त्यात काही वावगं वाटलंच न्हाई, ह्याचाच मला घाव बसला.

तरी मी गप्प बसणार होते. खरं सांगते. जूनमध्ये तास पुन्हा वाटतात, अन् त्या वाटण्यात ताईचा शब्द चालतो. धुतली तर धुतली, आपलं काय कातडं गेलं का, अशी मनाची समजूत घालून राहिले होते.

बुधवारी प्रज्ञाच्या वर्गातल्या पोरीचा वाढदिवस होता. घर नवीन, माणसं नवीन. मी तिला सोडायला गेले. आत पोरं खुर्च्यांवर, पलंगावर, एकमेकांच्या अंगावर. माझी लेक उंबऱ्यात थांबली. दाराआड वाकून खुंटी बघितली. मग त्या पोरीच्या आईला विचारलं, "काकू, आमची चादर कोणती?"

"कसली चादर गं?" ती बाई हसली अन् तिला ओढून पलंगावर बसवलं. तिला काहीच कळलं न्हाई. मला कळलं. मी त्यांच्या पायरीवर बसले. जे माझ्या आईला तिच्या बापानं शिकवलं होतं, ते माझ्या लेकीला मी शिकवलं होतं. रविवारच्या रविवार, सोबत नेऊन, कौतुकानं.

पुढच्या रविवारी मालिकेचा शेवटचा भाग होता. मी गेले. प्रज्ञाचा हात धरून गेले. ती सवयीनं खुंटीकडं वळली. मी म्हणलं, "राहू दे." सासूबाईंना म्हणलं, "आई, पाय जरा आवरा." अन् आमी दोघी दिवाणावर बसलो.

सासूबाई उठल्या. आत गेल्या, त्या आल्याच न्हाईत. मीनाताईनं उशी पोटाशी धरली. ताई म्हणली, "अगं, तुमची चादर..."

"धुतलेली हाय ना? तशीच स्वच्छ राहू द्या."

पुरा भाग मी बघितला. ते ओलं भूत सगळ्या गावाच्या दारांत उभं राहिलं. मीनाताईनं उशी तोंडावर घेतली न्हाई. ताई रडली न्हाई. त्या घरात त्या दिवशी कुणालाच त्या काळ्या बाईची कीव आली न्हाई.

निघताना ताई दारापर्यंत आली. डोळे लाल. "सगळ्यांसमोर तू मला असं... मी तुझ्यासाठी काय कमी केलं?"

"लई केलं ताई. इसरणार न्हाई. पण दर रविवारी तुमी त्या बाईसाठी रडलात, अन् माझ्या मागं माझी चादर धुतलीत."

"सासूबाईंमुळं गं. मला तसलं काही नसतं."

"बादलीत हात तुमचे होते."

मला वाटलं होतं, ती एकदा तरी म्हणंल, चुकलं. दारात मी तेवढ्यासाठीच थांबले होते. ती म्हणली, "जूनमध्ये बघू."

बघा. तास काढून घ्या. मी शिकवण्या घेईन, दुसऱ्या शाळेची पायरी चढीन. तुमचा दिवाण सागवानी हाय ताई, लाल बादलीत मावत न्हाई.

अन् प्रज्ञाला मी त्याच वाटेवर सांगितलं. कुणाच्या घरी चादर मागायची न्हाई. कुणी वेगळी अंथरली तर उचलायची, घडी घालायची, घरमालकाच्या हातात द्यायची अन् सगळे बसलेत तिथं बसायचं. तिथं जागा दिली न्हाई तर उभं राहायचं. पाय दुखले तरी उभं राहायचं.

"अन् तू?" तिनं विचारलं.

"मी तुझ्या बाजूला उभी."