मी घोडीला शिकवलेलं टक्

बाबांनी नवी घोडी आणली तेव्हा ती कोणाला डोक्याला हात लावू देत नव्हती. आधीच्या मालकाने मारलं असावं. लगाम दिसला की मान वर, डोळे पांढरे. बाबा टांगेवाले, त्यांना धीर कुठला! "शनिवारपर्यंत जुंपता नाही आली तं व्यापाऱ्याले वापस," म्हणाले. मला मात्र ती पहिल्याच दिवशी आवडली होती. तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि एका जागी बसणं मला ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा पाय हलत, आई ओरडे. आता तबेल्यात गप उभं राहावं लागलं. घोडीने माझ्याकडे पाहिलं की मी जिभेने टक् करायची आणि लगेच गुळाचा खडा द्यायची. टक् झालं की गूळ येणारच, हे तिला हळूहळू पटत गेलं. आधी नुसती नजर, मग कपाळावर हात, मग लगाम. मधे कितीदा तरी मी चिडून निघून गेले आणि राहवेना म्हणून परत आले.

शनिवारी बाबांनी तिला जुंपली. मी शेजारी बसले, जिवाला चैन नाही. गांधीबागेच्या कापडबाजारात हातगाड्यांनी रस्ता अडला, तेव्हा तिला पुढे काढायला बाबांनी जिभेने टक् केलं. सगळे टांगेवाले तसंच हाकतात. टांगेवाल्याची पोरगी असून हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घोडी जागीच थांबली आणि मान वळवून गुळाची वाट पाहू लागली.

बाबांनी पुन्हा केलं. ती ढिम्म. मागून ट्रकचा हॉर्न, हमालांच्या शिव्या. बाबांनी चाबूक उचलला.

"मारू नका बाबा! टक् केलं तं गूळ द्या लागते तिले."

"भर रस्त्यात? पागल झाली काय वं?"

मी खडा त्यांच्या हातात कोंबला. ते पुटपुटत उतरले, तळहात पुढे धरला. घोडी थरथरत होती. हॉर्न थांबेना. आता हात मागे घेतील, आता गूळ फेकतील, असं मला वाटत होतं. पण ते थांबले. घोडीने हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि खाल्लं.

"चाल वं माय," लगामाला धरून ते हळूच म्हणाले. ती चालू लागली.

ती घरीच राहणार, हे मला तिथेच कळलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण इतक्या मऊ आवाजात बाबा माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला घोडीचा भयंकर हेवा वाटला.