माझ्या गोष्टीतला चांगला मुलगा

माझ्या आईला मी माझ्याच घराच्या फाटकात गप्प केलं. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते नेमकं याच्या उलट, आणि लोकांनी ते वाचून माझं कौतुक केलं. म्हणून आता जसं घडलं तसं सांगतो.

आम्ही तांड्यातली माणसं. आमचा तांडा दारव्ह्याच्या पुढे आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहायचे, आम्ही कापूस आणि सोयाबीन पेरतो. आमच्यातल्या बाया जवळचं माणूस खूप दिवसांनी भेटलं की आधी बोलत नाहीत. गळ्यात पडून सूर धरून रडतात. त्या रडण्याला शब्द असतात आणि ते तिथल्या तिथे जुळवलेले असतात. कोण वारलं, कोणाला पोर झालं, गाय कशी दगावली, तुझी वाट किती पाहिली, सगळं त्यात येतं. पुरुषाने खांदा द्यायचा आणि ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. सूर उतरला की बाई डोळे पुसते, पाणी मागते आणि मग साधं बोलणं सुरू होतं. जे तोंडावर सांगायला जड जातं, ते बाया या रडण्यातच सांगतात. मला हे लहानपणापासून माहीत होतं.

मी यवतमाळला कॉलेजात मराठी शिकवतो. त्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी मी व्याख्यानाला निघालो होतो. विषय माझ्या आवडीचा होता: बायकांच्या गाण्यांतला मुलगा. जात्यावरच्या गाण्यांत, पाळण्यात, लग्नात, सगळीकडे हा मुलगा भेटतो. तो राजबिंडा असतो, लांबून येतो, आईसाठी लुगडं आणतो. त्याच्या पायाची धूळ दिसली की आई उंबऱ्यात येते. या गाण्यांतला मुलगा नेहमी पोचतो, असं एक वाक्य मी टिपणात लिहून ठेवलं होतं आणि त्यावर खूश होतो.

फाटक उघडलं तर समोर आई. अंगावर तिचा नेहमीचा आरशांचा घागरा, काखेत तुरीच्या शेंगांची पिशवी. आठ महिन्यांनी भेटत होतो. तिने पिशवी खाली ठेवली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि पहिला सूर लावला. आवाज मोठा. बाजूच्या घरातल्या काकू बाहेर आल्या.

"सर, घरी कोणी गेलं का हो?"

"नाही, नाही," मी म्हणालो, "आमच्यात असंच असतं." आणि आईच्या पाठीवर थोपटत हळूच म्हणालो, "याडी, चूप. लोक पाहून राह्यले."

याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरबोली बोलतो. इथे ते बोलणं मी आमच्याकडच्या मराठीत लिहितो आहे.

ती चूप झाली. लगेच, एखाद्या लहान मुलीसारखी. आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसली. बायकोने पाणी दिलं. मी घड्याळ पाहत म्हणालो, "काहून आलती? काही काम होतं?"

"काम कायचं? तुले पाह्याले आली." मग म्हणाली, "बहीण तुही लय आठवण काढते."

"उन्हाळ्यात जातो तिच्याकडे."

"जाय," ती म्हणाली. "सवडीनं जाय."

संध्याकाळी मी परतलो तेव्हा ती दुपारच्या गाडीने निघून गेली होती. शेंगा निवडून, सोलून, दाणे डब्यात भरून ठेवले होते.

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला बाई म्हणायचो. आर्णीच्या बाजूला एका तांड्यात तिला दिलेली. तिच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. भावाला सांगू नको, त्याची नोकरी आहे, तो धावपळ करेल, असं तिने आईला बजावलं होतं. आईने होकार दिला आणि तरीही दोन गाड्या बदलून माझ्या दारात आली. बोलून सांगणार नव्हती, पण रडताना सांगितलं तर दिलेला शब्द मोडला असं बाया मानत नाहीत. तेवढी एक वाट तिच्याकडे होती आणि ती मी बंद केली.

तीन आठवड्यांनी भाचीचा फोन आला. मी पोचलो तेव्हा बहिणीला बाहेर आणून ठेवलं होतं. आई एकेकीच्या गळ्यात पडून रडत होती. प्रत्येकीला ती मुलीची वेगळी आठवण सांगत होती. मी जवळ गेलो. माझा खांदा तिच्यासमोर होता. तिने सूर थांबवला, ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, "जेवून आला का?"

त्यानंतर दोन वर्षं ती माझ्या गळ्यात पडून रडली नाही. मी गेलो की म्हणायची, "आले का सर? बसा." हसून म्हणायची. चहा द्यायची. पावसापाण्याचं बोलायची.

मग मी ती गोष्ट लिहिली. एका दिवाळी अंकात आली. त्यात फाटक होतं, शेजारीण होती, शेंगांची पिशवीसुद्धा होती. फक्त मुलगा वेगळा होता. तो हातातले कागद खाली ठेवतो, आईचं सगळं रडणं ऐकून घेतो, 'निघालोच मी' म्हणतो, त्याच पावली जीप पकडतो आणि बहिणीच्या उशाशी जाऊन बसतो. ती त्याच्या हातचा वरणभात खाते. लिहिताना मी खरंच रडलो. पत्रं आली. एकांनी लिहिलं, असा मुलगा प्रत्येक आईला मिळो. ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत राहिली.

भाची आता कॉलेजात आहे, आर्णीला. गेल्या महिन्यात तिने फोन केला.

"मामा, तुमची गोष्ट वाचली. चांगली लिहिली."

"बरं वाटलं बेटा."

"तुमच्या गोष्टीत मामा वेळेवर येते."

ती पुढे म्हणाली, "आजीले वाचून दाखवली मी. पुरी."

"काय म्हणाली?"

"म्हणे, गाण्यातले पोरं असेच असतात. मी म्हटलं, आजी, हे गाणं नाही, मामानं लिहिलं. तं म्हणे, एकच आहे, पुढं वाच."

इतकी वर्षं मी वर्गात गाण्यांतल्या मुलांवर बोललो, पण एक गोष्ट मला दिसली नव्हती. त्या गाण्यांत मुलाला तोंड नसतं. तो येतो, एवढंच. आल्यावर आईला काय म्हणतो ते कोणी गात नाही. बायांना ते ठाऊक असावं, म्हणूनच त्या तिथे थांबत असाव्यात. मी मात्र त्याच्या तोंडी खोटे शब्द घातले होते, आणि माझ्या मेलेल्या बहिणीच्या तोंडात खोटा घास.

रविवारी सकाळी तांड्यावर गेलो. आई अंगणात दोन शेजारणींबरोबर तूर पाखडत बसली होती.

"आले का सर?" ती म्हणाली.

"पुस्तकवालं आलं व माय," एक शेजारीण म्हणाली. "आता आपल्यालेबी पुस्तकात घालते का?"

"तुले घालाले मोठं पुस्तक लागन," दुसरी म्हणाली. तिघी हसल्या. शेजारणी उठायला लागल्या तेव्हा मी त्यांना बसवलं. आईला मी लोकांसमोर गप्प केलं होतं. हेही लोकांसमोरच व्हायला हवं होतं.

मी तिच्या समोर मातीत बसलो. तिने सूप बाजूला ठेवलं.

"याडी," मी म्हणालो, "त्या दिवशी तू बाईचं सांगाले आलती. मी तुले चूप केलं, मले लोकांची लाज वाटली. तुही लाज वाटली. मी ऐकलं असतं तं बाई मले भेटली असती. पुस्तकात लिहिलं ते खोटं आहे, तो पोरगा मी नाही. चुकलो मी. मले माफ कर."