प्रसंगानुसार बस

आमच्या घरात शिट्टीवर उठायची सवय दोघांना. एक मी, दुसरा ढब्बू. आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं शाळेत पोरांना कवायत शिकवली. अजूनही दुधाची पिशवी घ्यायला जातात ते छाती काढून. आख्खी बिल्डिंग त्यांना ड्रिलमास्तर म्हणते, आणि ह्यांना वाटतं, ते कौतुकानं.

रिटायर झाल्यावर हाताखाली कुणी उरलं नाही. मी होते, पण माझी परेड काही त्यांना कधी जमली नाही. मग लेकीची बदली झाली आणि तिचं कुत्रं, म्हणजे ढब्बू, आमच्याकडे आलं. "आठ दिवसांत सरळ करतो," हे म्हणाले.

'बस' म्हटलं की खाली बसायचं, बसलं की बिस्कीट, हे ढब्बू तीन दिवसांत शिकला. इथवर ठीक होतं. पण चौथ्या दिवशी ह्यांनी बिस्कीट बंद केलं. "शिस्तीला लाच कशाला?" आणि त्याला गॅलरीत बांधलं, ते दिवसभर. जिन्यात पाऊल वाजलं की तो भुंकायचा. हे गरजायचे, "बस! बस झालं!" बिचारा झटकन बसायचा, बिस्किटाची वाट बघायचा, आणि मिळालं नाही की बसल्या बसल्या भुंकायचा.

"बघितलंस? मुद्दाम करतो!"

मधल्या वेळात त्यानं दोन चपला, एक उशी आणि ह्यांच्या निरोपसमारंभाचं मानपत्र फाडून खाल्लं. मानपत्राचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

अशात सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलं. 'आपल्या घरातील गोंगाट आठ दिवसांत थांबला नाही, तर कारवाई करू.' ह्यांनी लगेच चुलतभावाला फोन लावला. रविवारी त्यानं गाडी घेऊन यायचं आणि ढब्बूला त्याच्या गोदामात राखणीला न्यायचं. तिथं साखळी किती लांब असते, मला माहीत होतं. लेक गेल्यापासून दिवसभर माझ्या मागं मागं करणारं तेवढंच एक होतं हो!

मी ह्यांना ओढत जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही 'बस' म्हणता, म्हणजे नक्की काय? खाली बस, की पुरे?"

"प्रसंगानुसार," हे म्हणाले.

"प्रसंग त्याला कोण समजावणार? एका शब्दाला एकच अर्थ ठेवा. आणि तो हट्टी नाही, कंटाळलाय. दिवसभर डोक्याला काम नाही, नाकाला काम नाही, भुंकेल नाही तर काय करेल?"

"बत्तीस वर्षांत कुणी मला शिकवलं नाही," हे तणतणतच बाहेर आले.

नका शिकू! मी शिकले. जुन्या मोज्यांना गाठी मारून आत बिस्कीट लपवायचं, खोक्यात कागदाचे बोळे भरायचे आणि त्यात खाऊ शोधायला लावायचं. फिरायला नेलं की वास घेऊ द्यायचा, खांबापाशी दहा मिनिटं लागली तरी चालेल. भुंकायचं थांबला की 'शाब्बास' आणि लगेच खाऊ. चौथ्या दिवशी जिन्यात कुणी आलं तर त्यानं नुसती मान वर केली.

"सुधारलाय हो तो," मी म्हटलं.

"सुधारलाय कसला! दबा धरून बसलाय," हे म्हणाले आणि त्यांनी ढब्बूची सकाळची कवायत दुप्पट केली.

रविवारी कमिटीच्या अध्यक्षीणबाई दारात आल्या तेव्हा खाली चुलतभावाची गाडी उभी होती. ढब्बू मोज्यात गुंतला होता. मी पट्टा हातात घट्ट धरला होता, आणि तो सोडायचा नाही असं ठरवलंच होतं.

"मास्तर, गोंगाट काही थांबला नाही," बाई म्हणाल्या.

"कुत्रं निघालंय! गाडी आलीय."

"कुत्र्याचं कोण बोललं? त्याचं चार दिवस हूं नाही की चूं नाही. रोज सकाळी साडेसहाला 'ऊठ! बस! ऊठ!' कोण करतं? आमच्या सासूबाईंनी आज पाच उठाबशा काढल्या, वय वर्षं त्र्याऐंशी!"

मी खो-खो हसले. मग ह्यांचा चेहरा बघितला आणि हसू आपोआप थांबलं.

गाडी रिकामी गेली. संध्याकाळी ह्यांनी शिट्टी काढून खुंटीला टांगली. नंतर हळूच म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई... फक्त जनावरांचंच बघतात का गं?"